सेल्फ उचलत नाही, स्विंग जड जातंय: पोकलेनचा आजार ओळखायचा कसा?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, ते बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात महापालिकेने नदीचं पात्र मोकळं करायला मशीनं उतरवली, तेव्हा पुलापुलावर बघे जमायचे. निम्मे मगर दिसते का म्हणून, निम्मे पोकलेन चालताना बघायला. मी दुसऱ्या निम्म्यांतला. वीस टनांचं ते धूड चिखलात पाय रोवून उभं राहतं आणि कमरेतून गर्रकन वळून ट्रकमध्ये माती ओततं, यात मला या वयातही लहान पोराइतकीच मजा येते.

मालकाला मात्र मजा फक्त मशीन चालू असेपर्यंत. भाडं तासावर मिळतं आणि बंद मशीनला कुणी तास मोजून देत नाही. माझ्या भाच्याचं असंच एक जुनं, दुसऱ्या हातचं मशीन आहे. उन्हाळाभर ते गावतलाव खोल करायच्या कामावर होतं, पावसाळ्यात पोर गावाजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर ताडपत्री टाकून उभं. दसऱ्याच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"मामा, हार घातला, नारळ फोडला, किल्ली फिरवली, तर नुसतं टक्. सेल्फ उचलतच नाही. आणि डावीकडचं स्विंग तर पावसाळ्याच्या आधीपासून मेलंय."

एका मिस्त्रीने सांगितलं होतं, सेल्फ बदला. दुसऱ्याने सांगितलं होतं, स्विंग मोटर उतरवावी लागेल. दोघांपैकी कुणीही विजेचं मीटर किंवा दाबाचं गेज बाहेर काढलेलं नव्हतं. इंजिन सुरू न होणं आणि मशीन वळायला जड जाणं, या दोन तक्रारी प्रत्येक साइटवर ऐकू येतात आणि दोन्हींत सर्वांत जास्त पैसे चुकीचा भाग बदलण्यात जातात. तेव्हा हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ. पाना हातात धरायचा नसला तरी चालेल.

पोकलेन, हिताची आणि जेसीबी

पोकलेन हे खरं तर १९२७ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या कंपनीचं नाव. तिची मशीनं आपल्याकडे इतकी रुळली की वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं हे नाव सगळ्याच खोदयंत्रांना चिकटलं. आमचे गुजराती शेजारी त्यालाच हिताची म्हणतात, मग अंगावर रंग कुठलाही असो. जेसीबी ज्याला म्हणतात ते मशीन वेगळं: चार चाकं, पुढे मोठं खोरं, मागे एक हात. तो मागचा हात फार तर अर्ध्या वर्तुळात वळतो. पोकलेन कमरेतून पूर्ण गोल फिरते, कितीही फेऱ्या. या फिरण्यालाच स्विंग म्हणतात. इंजिनाला पहिला धक्का देणारी विजेची मोटर म्हणजे सेल्फ. आमचा ऑपरेटर पंचमहालचा, तो म्हणतो, "सेल लेतुं नथी." अर्थ तोच.

जात्याचे दोन दगड

जातं आठवा. खालचा दगड जागेवर, वरचा फिरता, मध्ये खीळ. पोकलेनची रचना तशीच. खालच्या भागात फक्त दोन चेन आणि त्या ओढणाऱ्या दोन मोटरी. बाकी सगळा संसार वरच्या मजल्यावर: इंजिन, बॅटऱ्या, तेलाची टाकी, पंप, केबिन आणि बूम, म्हणजे पुढचा लांब हात. दोन मजल्यांच्या मध्ये एक भलंमोठं बेअरिंग, ज्याच्या खालच्या, स्थिर कड्याला आतून दाते असतात. स्विंग मोटर वरच्या मजल्यावर बसते, गिअरबॉक्समधून एक लहान दातेरी चाक खाली सोडते आणि त्या कड्याचे दाते धरून स्वतःलाच ढकलते. म्हणजे बसलेल्या पाटासकट फिरायचं.

चेनच्या मोटरींना तेल खाली पोचवायला जात्याच्या खिळीच्या जागी एक फिरता सांधा असतो, त्याला सेंटर जॉइंट म्हणतात. स्विंगचं तेल या सांध्यातून जातच नाही, कारण स्विंग मोटर वरच आहे. सेल्फची वायरही खाली जात नाही. गेली असती तर चार फेऱ्यांत फिरकीवरच्या मांज्यासारखी गुंडाळली गेली असती. एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतात. स्विंग जड आहे म्हणून सेंटर जॉइंट उघडू म्हणणाऱ्याला शांतपणे विचारावं, "का हो?"

उभं पाणी, वाहतं पाणी

सेल्फ विजेवर चालतो, स्विंग तेलावर. पण दोन्हींचं गणित गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे.

सगळे नळ बंद असताना पाइपातला दाब एकदम झकास असतो. सकाळी सात वाजता सगळ्या बिऱ्हाडांनी नळ सोडले, की तुमच्या नळाला करंगळीएवढी धार. टाकी तीच, पाइप तोच. पाइपात कुठे गंज साचला असेल तर तो उभ्या पाण्यात कळत नाही, पाणी वाहायला लागल्यावरच कळतो. विजेत या दाबाला व्होल्ट म्हणतात आणि वाहणाऱ्या धारेला अँपिअर.

तेलाच्या बाबतीत आणखी एक भेद करावा लागतो. दाबावर ताकद ठरते, धारेवर वेग. म्हणून ऑपरेटर "स्विंग मेलं" म्हणाला की त्याला पुढचा प्रश्न विचारायचा: हळू फिरतं की जोर नाही? सपाटीवर रिकामी बकेट (माती उचलणारं खोरं) भराभर फिरते पण चढाच्या बाजूला भरलेली बकेट वळत नाही, तर दाब कमी आहे. सगळीकडे सारखंच संथ, पण अडत नाही, तर धार कमी आहे. निम्मं निदान या एका प्रश्नात होतं, आणि मी पाहिलंय की तो फार कमी जण विचारतात.

किल्ली आणि सेल्फच्या मध्ये कोण कोण?

मोठ्या मशीनवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. वीस टनी मशीनचा सेल्फ चालताना शेकडो अँपिअर ओढतो. एवढी वीज किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेली तर स्विच वितळेल. म्हणून किल्ली फक्त निरोप देते. बोअरच्या पंपाचं हिरवं बटण आपण बोटाने दाबतो, पण खरा करंट आतला मोठा संपर्क जोडतो, तसंच इथे. सेल्फच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड हे काम करतो. निरोप मिळाला की तो दोन कामं करतो: सेल्फचं लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकवतो आणि आतला जाड संपर्क जोडतो.

तो निरोप पोचण्याच्या वाटेवर फ्यूज, बॅटरीचा मास्टर स्विच, एखाददोन रिले (विजेवर चालणारे लहान स्विच) आणि एक पहारेकरी असतो. पहारेकरी म्हणजे ऑपरेटरच्या डाव्या हाताची लॉकची दांडी. केबिनमधून उतरताना ती उचलली की सगळे लिव्हर निर्जीव होतात. बऱ्याच मशीनवर ही दांडी लॉकमध्ये नसेल तर सेल्फला निरोपच जात नाही, कारण चुकून लिव्हरला धक्का लागलेला असताना इंजिन सुरू झालं तर बूम कुणाच्या डोक्यावर जाईल सांगता येत नाही. दांडीखालचा लहानसा स्विच चिखलाने भरला, की मशीन मुकं होतं आणि बिचाऱ्या सेल्फवर आळ येतो.

आधी कान, मग मीटर

किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर निरोप वाटेत अडला आहे. सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर मीटर ठेवून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. तिथे २४ च्या आसपास आले आणि तरी सेल्फ गप्प, तर दोष सेल्फ-सोलेनॉइडकडे. नाही आले, तर मागे मागे जात रिले, दांडीचा स्विच, किल्ली, फ्यूज तपासायचे. तीन महिने उभ्या मशीनमध्ये उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, हेही ध्यानात असू द्या.

टकटकटक असा भराभर आवाज म्हणजे दाब तोकडा: सोलेनॉइड जोडतो, भार येताच व्होल्ट कोसळतात, तो सुटतो, पुन्हा जोडतो. बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. सेल्फ सुसाट फिरतो पण इंजिन ढिम्म, तर दातेरी चाक दात्यांत अडकत नाही, मिस्त्री ज्याला बेंडिक्स म्हणतात ते गेलं. कर्कश करकर आली तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खाल्ले गेलेत. तिथे पुन्हा पुन्हा किल्ली मारणं म्हणजे उरलेले दातही पाडणं.

आणि एकच, ठसठशीत टक्? भाच्याच्या मशीनचा हाच आवाज होता. यात सोलेनॉइडने निरोप ऐकलाय, पण सेल्फला ताकद मिळत नाही किंवा सेल्फ आतून अडलाय. इथेच लोक थेट नवा सेल्फ आणतात.

"लाइट लागतो, हॉर्न वाजतो, मग वीज कमी कशी?"

ही शंका मला प्रत्येक वेळी विचारली जाते आणि ती चुकीची नाही, अपुरी आहे. एक सोपं गणित करू. बॅटरीच्या एखाद्या जोडावर गंज चढून ओहमच्या फक्त शंभराव्या भागाएवढा, म्हणजे ०.०१ ओहम अडथळा तयार झाला. कामाच्या लाइटला साधारण ३ अँपिअर लागतात. ३ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०३ व्होल्ट गळती. डोळ्याला कळणारही नाही. सेल्फ ४०० अँपिअर मागतो. ४०० गुणिले ०.०१, म्हणजे ४ व्होल्ट त्या गंजातच जिरले. लाइट म्हणजे रात्री दोनला सोडलेला एक नळ, सेल्फ म्हणजे सकाळचे सात.

म्हणून बॅटरी उभ्याने मोजून उपयोग नाही. उभ्याने दोन्ही मिळून २५.२ किंवा थोडे जास्त व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, एवढंच कळतं. सेल्फ मारत असताना मोजा. बॅटरीच्या टर्मिनलवर १९ च्या खाली घसरले, तर बॅटरी थकली आहे. घसरले नाहीत आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर रस्ता खराब आहे.

रस्ता मोजायची युक्ती मला फार आवडते. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. किल्ली फिरवताना मीटर जे दाखवतं ते त्या रस्त्यात हरवलेले व्होल्ट. एक व्होल्टाच्या आत असलं तर ठीक. मग हेच मायनस बाजूने: एक टोकणी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी सेल्फच्या अंगावर. प्लसची वायर सगळे तपासतात. मायनसचा रस्ता, म्हणजे अर्थ, कुणाला आठवत नाही, कारण तो चेसिसमधून जातो आणि दिसत नाही. गेलेली वीज परतही यायला हवी, नाहीतर ती जातच नाही.

भाच्याच्या मशीनवर बॅटरी उभ्याने २५.३. किल्ली फिरवताना २२.८, म्हणजे बॅटरी फारशी दमतच नव्हती. प्लस बाजूला गळती ०.४. मायनस बाजूला ४.६! इंजिनाला चेसिसशी जोडणारी अर्थची पट्टी उन्हाळ्यात कुणीतरी काढली होती आणि परत लावताना बोल्टखालचा नवा रंग खरवडला नव्हता. त्यावर पावसाळ्याचा गंज. पॉलिश पेपर, नवी लग (वायरीच्या टोकाची कडी), बोल्ट घट्ट. किल्ली फिरवताच सेल्फने उचललं. भाचा माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी जादू केली. जादू नव्हती, वजाबाकी होती.

"पाना लावून डायरेक्ट केलं तर?"

सोलेनॉइडच्या दोन टोकांना पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणग्या उडवत सेल्फ फिरवणारे उस्ताद प्रत्येक नाक्यावर भेटतील. त्यातून सेल्फ जिवंत आहे हे कळतं, खरं आहे. पण त्या क्षणी तुम्ही दांडीच्या पहारेकऱ्याला वगळलेलं असतं, केबिनमध्ये कुणी नसतं आणि तुम्ही मशीनच्या फिरत्या भागाशेजारी उभे असता. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो, हे वेगळंच. जे मीटरने दोन मिनिटांत कळतं त्यासाठी हा जुगार कशाला?

किल्ली दाबून धरणंही तसंच घातक. दहा-पंधरा सेकंद मारून सुरू झालं नाही तर दोनेक मिनिटं थांबा. सेल्फला थंड व्हायला वेळ लागतो.

सेल्फ चांगला, ओझंच जड

एक गोष्ट ट्रक चालवणाऱ्यांना नवी वाटेल. पोकलेनमध्ये इंजिन आणि तेलाचा पंप यांच्यामध्ये क्लच नसतो. सेल्फ इंजिन फिरवतो तेव्हा पंपही फिरवतो. पंप आतून अडकला असेल तर चांगला सेल्फ आणि चांगली बॅटरीसुद्धा "टक्" म्हणून गप्प बसेल. म्हणून वीज सगळीकडे नीट पोचत असेल, तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरतं का ते बघावं, किल्ली काढून आणि मास्टर स्विच बंद करून. फिरत नसेल तर प्रकरण सेल्फच्या पलीकडचं आहे: सिलिंडरमध्ये पाणी, जाम इंजिन किंवा जाम पंप.

आता स्विंग: चार माणसांची साखळी

ऑपरेटर जॉयस्टिक वाकवतो तेव्हा तो मोठ्या तेलाला हात लावत नाही. इथेही निरोप्याचीच पद्धत. जॉयस्टिकमधून ३५-४० किलो दाबाचं बारीक तेल निघतं, त्याला पायलट म्हणतात. (साइटवर दाब किलोतच बोलतात, एका चौरस सेंटिमीटरवर इतके किलो या अर्थाने.) पायलट मोठ्या कंट्रोल वॉल्वमधला दट्ट्या सरकवतं, दट्ट्या सरकला की पंपाचं शेकडो किलोंचं तेल स्विंग मोटरकडे धावतं, मोटर गिअरबॉक्स फिरवते. जॉयस्टिक, वॉल्व, मोटर, गिअर. निदान म्हणजे साखळी कुठे तुटली ते शोधणं.

पण त्याआधी एक पाऊल मागे. बूम, आर्म, बकेट, चेन सगळंच संथ झालं असेल तर स्विंगकडे बघूच नका. तेल कमी, फिल्टर चोंदलेला, पंप थकलेला किंवा इंजिनात दम नाही. बहुतेक मशीनांत दोन मोठे पंप असतात आणि कामं त्यांच्यात वाटलेली असतात. स्विंगच्या पंपावरचं दुसरं काम नीट चालतंय का, हे मॅन्युअलमधला नकाशा पाहून आधी ताडून घ्यायचं. इतर सगळं ठणठणीत आणि फक्त स्विंग आजारी, तरच पुढे.

दोन्ही बाजूंना हलतच नाही

पहिला संशय ब्रेकवर. स्विंगचा ब्रेक उलट्या स्वभावाचा असतो: स्प्रिंग तो कायम दाबून धरते आणि पायलटचं तेल आलं की तो सुटतो. ट्रकची हवा गेली की मागची चाकं जाम होतात, तसंच. म्हणून मशीन बंद असताना वरचा मजला वाऱ्याने किंवा उताराने फिरत नाही. पण ब्रेक सोडणारं तेल पोचलं नाही, तर मोटर दाबलेल्या ब्रेकवर डोकं आपटत राहते. इंजिनचा आवाज बदलतो, तेल शिट्टी मारतं, मजला हलत नाही.

ब्रेकच्या पायलटच्या तोंडाशी गेज लावा. लिव्हर वाकवल्यावर दाब आला नाही तर त्याला सोडणारा वॉल्व, आणि जिथे तो विजेवर चालतो तिथे त्याची कॉइल, वायर, फ्यूज तपासा. म्हणजे स्विंगचा आजार कधी कधी विजेचा निघतो. दाब येतोय, तरी मजला ढिम्म, तर ब्रेकच्या प्लेटा किंवा मोटर. आणि मोटरचा आवाज फिरण्याचा, मजला मात्र जागेवर, मधूनच खडखडाट, तर गिअरबॉक्समध्ये काहीतरी तुटलंय. तिथे हट्ट न करता थांबावं.

एकाच बाजूला जड

हे माझं आवडतं, कारण इथे मशीन स्वतःच उत्तर देतं. उजवीकडे व्यवस्थित फिरतं याचा अर्थ पंप चांगला, गिअरबॉक्स चांगला, ब्रेक सुटतोय आणि मोटरही बहुधा चांगली, कारण हे सगळे दोन्ही बाजूंना सामाईक आहेत. "स्विंग मोटर उतरवा" हा सल्ला इथेच डळमळतो.

दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या असलेल्या गोष्टी थोड्याच. जॉयस्टिकचं त्या बाजूचं तोंड, तिथून वॉल्वपर्यंतचा पायलटचा पाइप, आणि मोटरवरचा त्या बाजूचा रिलीफ वॉल्व. रिलीफ म्हणजे कुकरची शिट्टी: दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की वाट मोकळी करून देणारा. स्विंगला असे दोन रिलीफ असतात, डाव्याला एक, उजव्याला एक. एकाच्या बसकणीखाली कचरा अडकला तर त्या बाजूची शिट्टी सतत वाजत राहते आणि दाब चढत नाही.

दोन्ही रिलीफ एकसारखे असतात, म्हणून त्यांची अदलाबदल करायची. दोष बाजू बदलून उजवीकडे गेला, तर रिलीफ चोर. तिथेच राहिला, तर रिलीफ निर्दोष. मग पायलटचे दोन पाइप कंट्रोल वॉल्वच्या तोंडाशी अदलाबदल. आता लिव्हर डावीकडे केला की मशीन उजवीकडे वळेल, म्हणून आजूबाजूला माणूस नको आणि ऑपरेटरला दोनदा सांगा. आता उजवं स्विंग जड झालं, तर दोष जॉयस्टिक किंवा पाइपात. डावंच जड राहिलं, तर वॉल्वच्या दट्ट्यात. तपासणी झाली की पाइप लगेच जागच्या जागी. शेजारच्या खोलीतला बल्ब आपल्या होल्डरमध्ये लावून बघतो, त्यापेक्षा यात जास्त काही नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. पाइप उघडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मॅन्युअलप्रमाणे लिव्हर हलवून आणि टाकीचं झाकण हळू सैल करून आतला दाब मोकळा करा. गळती बोटाने चाचपू नका. दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, बाहेरून टिंबाएवढी जखम दिसते आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल.

"रिलीफ थोडा आवळला की स्विंग सुधारतं ना?"

सुधारतं, काही दिवस. हाच त्यातला धोका. मोटर झिजून तेल आतल्या आत गळत असेल तर दाब वाढवून तुम्ही ती गळती झाकता आणि वाढीव जोर गिअर, दाते, बेअरिंग यांच्यावर टाकता. कुकरच्या शिट्टीवर वाटी ठेवण्यासारखं आहे. झिजेचा संशय असेल तर सरळ मोजायची सोय आहे: मोटरच्या पोटातून टाकीकडे जाणारा बारीक पाइप सोडून, त्यातून एका मिनिटात किती तेल येतं ते मापात धरायचं आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडायचं. फिल्टर कापून पाहा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडी. न चिकटणारी सोनेरी चमक दिसली तर मोटर किंवा पंपाच्या आतले पितळी भाग झिजताहेत.

बिनखर्चाची आणखी एक तपासणी म्हणजे स्विंग गिअरबॉक्सची डिपस्टिक. पातळी आपोआप वाढलेली आणि तेल पातळ दिसतंय? मोटरच्या शाफ्टचं सील गेलंय, वरचं हायड्रॉलिक तेल खाली उतरतंय. कमी होणाऱ्या तेलाची काळजी सगळे करतात, वाढणाऱ्या तेलाने खुश होणारे मालक मी पाहिलेत.

नदीत उतरलेल्या मशीनचं वेगळं काय?

पाण्यात काम करताना पाणी चेनच्या वरच्या रोलरच्या मध्यापर्यंतच असावं, असं बहुतेक मॅन्युअल सांगतात. त्यापुढे पाणी चढलं की ते दोन मजल्यांमधल्या बेअरिंगशी पोचतं, आतलं ग्रीस धुऊन निघतं, गाळ शिरतो. लक्षण लगेच दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फिरताना कडकड, थांबताना मजला झोकांडी खातो, जोर लावावा लागतो. तपासणीचं झाकण उघडून ग्रीस बघावं: ताकासारखं पांढुरकं झालेलं असेल तर पाणी गेलंय. सगळं काढून नवीन भरणं महाग वाटतं, पण बेअरिंग बदलायला वरचा अख्खा मजला क्रेनने उचलावा लागतो, हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

"नव्या मशीनचा कॉम्प्युटर सगळं सांगतो"

१ जानेवारी २०२५ पासून बांधकामाच्या चाकांवर चालणाऱ्या नव्या मशीनांना प्रदूषणाचे आणखी कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात सेन्सर, वायरी, कंट्रोलर वाढले. पडद्यावर कोड उमटतो, मदत नक्की होते. पण कोड म्हणजे तक्रार अर्ज. "स्विंग ब्रेकच्या सोलेनॉइडचं सर्किट तुटलंय" एवढं तो सांगतो. वायर उंदराने खाल्ली, कनेक्टरात पाणी गेलं की कॉइल जळली, ते त्याला माहीत नसतं. आणि भाच्याच्या मशीनवरची रंगाखालची अर्थ कुठल्याच कोडमध्ये आली नसती.

त्याच्या स्विंगचं सांगायचं राहिलं. रिलीफची अदलाबदल केली, दोष जागेवरच. पायलटचे पाइप उलटे लावले, तर जडपणा उजवीकडे गेला. जॉयस्टिक उघडण्याआधी पाइपाचाच माग काढला. केबिनच्या फळीखाली तो एका क्लॅम्पमध्ये मुडपून चपटा झाला होता. मेमध्ये एसीचं काम झालं तेव्हा कुणीतरी तो तिथे कोंबला असावा. पाइप बदलला, क्लॅम्प हलवला, संध्याकाळी मशीन दोन्हीकडे सारखं वळलं.

नव्या सेल्फचे पैसे मात्र त्याने सकाळीच देऊन टाकले होते. दुकानदार परत घेईना. तो सेल्फ आता ताईच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटाखाली, खोक्यात आहे, आणि दर शनिवारी जाळी काढताना ती मला फोन करून विचारते, "अरे, हे कधी लागणार आहे का कुणाला?"